मुसी नदीची जागा

हैदराबाद शहराच्या इतिहासात सन १९०८ च्या सप्टेंबर महिन्याची २८ वी तारीख काळ्या अक्षरांनी लिहिली गेली आहे. त्या दिवशी मुसी नदीला आलेल्या पुराने शहराचा निम्माअधिक जीव हिरावून घेतला, असे तत्कालीन लोकांस वाटले. सुमारे पंधरा हजार माणसे त्या पुरात दगावली असावीत, असा अंदाज सांगतात. बेघर झालेल्यांची संख्या ऐंशी हजारांच्या घरात होती. परंतु या आपत्तीची खरी ऐतिहासिक योग्यता केवळ तिच्या भीषणतेत नाही. पुरानंतर त्या शहराने स्वतःला एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर दगडचुन्यात बांधून काढले. नदीचे पाणी जेव्हा पात्रात मावत नाही, तेव्हा ते ठेवावयाचे कोठे, हा तो प्रश्न होय. हवामान बदलत असताना आज तोच प्रश्न जगातील अनेक शहरांपुढे नव्याने उभा राहिला आहे. म्हणून मुसीच्या कथेकडे पुन्हा एकदा वळून पाहणे अगत्याचे आहे.

मुसी ही काही मोठी नदी नव्हे. विकाराबादजवळील अनंतगिरीच्या डोंगरांत ती उगम पावते, पूर्वेकडे वाहत हैदराबाद शहराच्या मधून जाते आणि पुढे नलगोंडा जिल्ह्यात वाडपल्ली येथे कृष्णेस मिळते. शहराच्या किंचित वर ईसी नावाची तिची जोडनदी तिच्यात येऊन मिसळते. वर्षातील बहुतेक महिने या नदीचे पात्र इतके रोडावलेले असे, की परक्या माणसास तिच्यावरील भक्कम पूल पाहून आश्चर्य वाटावे. इब्राहिम कुतुबशहाच्या कारकीर्दीत, सन १५७८ मध्ये, बांधलेला पुराना पूल हा त्यांतील सर्वांत जुना. तो शहराच्याही आधीचा आहे. कारण महंमद कुली कुतुबशहाने हैदराबाद वसविले ते सन १५९१ मध्ये. इतक्या लहानशा प्रवाहावर इतकी कमानदार बांधणी करणाऱ्यांस त्या नदीचा स्वभाव ठाऊक होता, एवढाच याचा अर्थ.

तो स्वभाव त्या प्रदेशाच्या जमिनीतून आलेला आहे. तेलंगणाची भूमी कठीण, दगडाळ आणि चढउताराची. तिच्यावर पडलेला जोराचा पाऊस जमिनीत मुरण्याऐवजी उतारावरून धावत सुटतो. पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी आणि गावकऱ्यांनी यावर एक उपाय शोधून काढला होता. काकतीय राजांच्या काळापासून या प्रदेशात तलावांची परंपरा आहे. रामप्पा, पाखाल, लकनावरम हे विस्तीर्ण तलाव त्या काळाची साक्ष देत आजही उभे आहेत. कुतुबशाहीत, सन १५६२ च्या सुमारास, हुसेनसागर बांधला गेला. या मोठ्या जलाशयांखेरीज गावोगावी लहान तलाव आणि त्यांहूनही लहान कुंटे होते. हे तलाव सुटे सुटे नसत. वरच्या तलावाच्या सांडव्यातून निघालेले पाणी ओढ्यावाटे खालच्या तलावात जाई, तेथून आणखी खालच्या तलावात, आणि अशी साखळी नदीपर्यंत पोहोचे. पावसाळ्यात आलेल्या पाण्यास प्रत्येक पायरीवर थोडा विसावा मिळे, आणि उन्हाळ्यात त्याच पाण्यावर भाताची खाचरे पिकत.

या व्यवस्थेचा एक भाग महसुली दप्तरातही उमटला होता. तलावाच्या पोटातील जमिनीस तिकडे ‘शिकम’ म्हणत. पाणी ओसरल्यावर तिच्यावर एखादे पीक काढून घेण्यास हरकत नसे. पण तिच्यावर घर बांधावयाचे नाही, हे सर्वांस समजत असे. वर्षातील काही महिने ती जमीन माणसाची आणि उरलेले महिने पाण्याची, अशी ती वाटणी होती. कोरडी दिसणारी जमीन रिकामी नसते, ती कोणाची तरी वाट पाहत असते, हे ज्ञान या एका शब्दात साठवलेले होते.

मग इतके तलाव असताना सन १९०८ चा पूर आला तरी कसा? त्याचे उत्तर त्या वेळच्या पावसाच्या आकड्यांत सापडते. शहराच्या दक्षिणेस असलेल्या शमशाबाद येथे २४ तासांत १२.८ इंच, म्हणजे सुमारे ३२५ मिलिमीटर, आणि ४८ तासांत १८.९ इंच, म्हणजे ४८० मिलिमीटर पाऊस पडला. नदीच्या खोऱ्यात त्या वेळी ७८८ तलाव होते. दर चौरस मैलामागे जवळजवळ एक. पण इतका पाऊस सामावून घेण्याइतकी जागा त्यांच्यापाशी नव्हती. वरचा एक तलाव फुटला की त्याचे सारे पाणी एकदम खालच्या तलावावर कोसळे आणि त्याचीही पाळ वाहून जाई. अशा रीतीने दोनशेंहून अधिक तलाव फुटले. ज्या साखळीने एरवी पाण्याचा वेग आवरावयाचा, तिनेच त्या रात्री पुराला बळ दिले. शहरापाशी पुराचा प्रवाह दर सेकंदास सव्वाचार लाख घनफूट इतका झाला असावा, असा हिशेब पुढे मांडण्यात आला.

त्या रात्रीची आणि दुसऱ्या सकाळची वर्णने वाचवत नाहीत. नदीकाठची कोलसावाडी, घांसीबाजार, अफझलगंज या वस्त्यांतून पाणी घुसले. बाकीचे पूल वाहून गेले; पुराना पूल तेवढा टिकला. अफझलगंजच्या रुग्णालयाच्या आवारात चिंचेचे एक जुने झाड होते. त्याच्या फांद्यांवर चढून सुमारे दीडशे लोकांनी आपले प्राण वाचविले. ते झाड आजही त्या जागी आहे, आणि दरवर्षी २८ सप्टेंबरला काही नागरिक तेथे जमून मृतांचे स्मरण करतात. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि कन्या त्यांच्या डोळ्यांदेखत या पुरात वाहून गेली. त्यांनी पुढे या प्रसंगावर ‘कयामत-ए-सुगरा’ या नावाची कविता लिहिली.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी आपले राजवाडे निराश्रितांसाठी उघडले आणि ठिकठिकाणी अन्नछत्रे घातली. त्यांनी स्वतः नदीकाठी जाऊन हिंदू रीतीने नदीची पूजा केली, तिला साडी-चोळी वाहिली, अशी कथा हैदराबादेत अद्याप सांगितली जाते. कथेचा तपशील कसाही असो. रागावलेल्या नदीची समजूत घातली पाहिजे, ही लोकभावना तीत स्पष्ट दिसते. परंतु समजूत घालण्याचा दुसराही एक मार्ग होता. त्यासाठी निजाम सरकारने ज्या गृहस्थास पाचारण केले, त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

विश्वेश्वरय्या मूळचे म्हैसूर संस्थानातले. पण त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाले आणि सन १८८४ पासून त्यांची नोकरी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात झाली. नाशिक, खानदेश, पुणे या भागांत त्यांनी काम केले. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी स्वतः योजिलेले स्वयंचलित दरवाजे बसविले. या दरवाजांमुळे पाण्याची पातळी ठराविक मर्यादेपलीकडे चढली की ते आपोआप उघडत आणि पाणी उतरले की मिटत. धरण न उंचावता अधिक पाणी साठविता यावे आणि धोक्याच्या वेळी ते सुरक्षितपणे सोडताही यावे, असा दुहेरी लाभ त्यांत होता. नीरा कालव्यावरील पाणीवाटपाची त्यांची योजनाही महाराष्ट्रातील शेतकऱ्यांस परिचित होती. हैदराबादचे बोलावणे आले तेव्हा ते सरकारी नोकरीतून मोकळे होऊन परदेश प्रवासास गेलेले होते. प्रवास पुरा करून सन १९०९ च्या एप्रिल महिन्यात ते हैदराबादेस आले.

त्यांच्या कामाची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांनी शहरातील नदीपासून आरंभ न करता सारे खोरे पायाखाली घातले. कोठे किती पाऊस पडला, कोणते तलाव फुटले, कोणते टिकले, पाणी कोठे किती चढले, याची मोजदाद करविली. शहराच्या काठाला उंच भिंती बांधून नदीस कोंडावे, ही कल्पना कोणासही प्रथम सुचली असती. विश्वेश्वरय्यांनी काठ सुधारावयास सांगितलेच. पण त्यांच्या योजनेचा गाभा निराळा होता. पूर शहरात आल्यावर त्याच्याशी झुंजण्यापेक्षा तो शहराच्या वरच अडवून धरावा, आणि पात्रास पेलेल इतकेच पाणी हळूहळू खाली सोडावे, असे त्यांनी सुचविले. यासाठी मुसीवर एक आणि ईसीवर एक असे दोन जलाशय शहरापासून काही मैलांच्या अंतरावर बांधावयाचे होते.

ही सूचना अमलात आली. पुरानंतर तीन वर्षांनी गादीवर आलेले सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकीर्दीत मुसीवरील उस्मानसागर सन १९२० मध्ये आणि ईसीवरील हिमायतसागर सन १९२७ मध्ये पुरा झाला. पहिल्यास राजाचे आणि दुसऱ्यास त्याच्या ज्येष्ठ पुत्राचे नाव मिळाले. उस्मानसागरास पुराचे १५ आणि हिमायतसागरास १७ दरवाजे आहेत. शहरात नगरसुधारणा मंडळ स्थापन होऊन नदीकाठची दाटीवाटीची वस्ती मोकळी करण्यात आली, बागा आणि रुंद रस्ते करण्यात आले. उच्च न्यायालय, सिटी कॉलेज, उस्मानिया रुग्णालय आणि आसफिया ग्रंथालय यांच्या भव्य इमारती दोन्ही तटांवर उभ्या राहिल्या. मराठवाड्यातून शिक्षण, वकिली आणि नोकरी यांकरिता हैदराबादेस आलेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या आठवणीत राजधानीचे जे चित्र होते, ते या पुरानंतर घडलेल्या शहराचे होय.

या दोन जलाशयांच्या पोटी मात्र एक अंतर्विरोध होता, आणि पुढील शंभर वर्षांचा इतिहास समजण्यास तो नीट ध्यानी घेतला पाहिजे. जलाशय पुरासाठी बांधावयाचा तर पावसाळ्यात त्यात पुरेशी जागा रिकामी ठेवावी लागते. जलाशय पिण्याच्या पाण्यासाठी बांधावयाचा तर तो होईल तितका भरून घ्यावा लागतो. एकाच भांड्याकडून ही दोन कामे घ्यावयाची असल्यास खालचा भाग साठ्यासाठी आणि वरचा भाग पुरासाठी अशी विभागणी करून ती कटाक्षाने पाळणे भाग असते. भरलेल्या तलावाचा उपयोग रोज नळाला दिसतो. रिकाम्या जागेचा उपयोग पंचवीस-तीस वर्षांतून एखाद्या रात्री दिसतो. आणि ती रात्र टळली तर लोकांस वाटते, की संकट येणारच नव्हते.

हैदराबाद वाढत गेले. जलाशयांचे पाणी पिण्यासाठी पुरेना, तेव्हा सन १९६५ पासून मांजरा नदीचे, सन २००४ पासून कृष्णेचे आणि सन २०१५ पासून गोदावरीचे पाणी शहरात आणण्यात आले. पाण्याची ही आवक वाढली तसतसे उस्मानसागर आणि हिमायतसागर यांचे महत्त्व लोकांच्या मनातून कमी होत गेले. सन १९९६ मध्ये शासनाने १११ क्रमांकाचा आदेश काढून या दोन जलाशयांभोवतीच्या दहा किलोमीटरांच्या पट्ट्यात, ८४ गावांच्या हद्दीत, कारखाने आणि मोठी बांधकामे यांवर निर्बंध घातले होते. एका कारखान्यास दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयाने सन २००० मध्ये नाकारली, तेव्हा या निर्बंधांचे मोल अधोरेखित झाले. तरीही, शहर आता या तलावांचे पाणी फारसे पीत नाही, मग हे निर्बंध कशासाठी, असा युक्तिवाद बळावत गेला आणि सन २०२२ मध्ये ते मागे घेण्याचा आदेश निघाला. जमिनीच्या मालकांची एक बाजू होती, ही गोष्ट नाकारता येत नाही; शेजारच्या गावात जमिनीला सोन्याचा भाव येत असताना आपली जमीन पडून राहावी, हे कोणासही जाचणारच. पण या वादात एक गोष्ट मागे पडली. हे जलाशय बांधण्याचा विचार मुळात पुरामुळे झाला होता, आणि पाणी कृष्णेहून आणता येते तशी पुराची जागा दुसरीकडून आणता येत नाही.

शहराच्या आतही तेच घडत होते. कुंटे बुजवून त्यांवर वसाहती उठल्या. शिकम जमिनी कागदोपत्री शिकम राहिल्या आणि प्रत्यक्षात भूखंड झाल्या. दोन तलावांना जोडणारे नाले अरुंद होत होत गटारे बनले. सन १९९० नंतरच्या दशकात तर शहराचे मुख्य बसस्थानक मुसीच्या पात्रातील बेटावर, इमलीबन येथे, उभारण्यात आले. सन २००० च्या ऑगस्टमध्ये एका दिवसात सुमारे २४ सेंटीमीटर पाऊस पडला, तेव्हा हुसेनसागराखालच्या वस्त्या पाण्यात गेल्या. सन २०२० च्या ऑक्टोबरच्या १३ आणि १४ तारखांस शहराच्या पूर्वेकडील घटकेसर येथे सुमारे ३२ सेंटीमीटर पाऊस झाला. हा आकडा शमशाबादच्या सन १९०८ मधील आकड्याच्या जवळपास जातो. या वेळी पल्ले चेरुवू आणि गुर्रम चेरुवू हे शहराच्या दक्षिण भागातील तलाव काही दिवसांच्या अंतराने फुटले आणि खालच्या गल्ल्यांतून माणसे वाहून गेली. राज्यात पन्नासांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. सन २०२५ च्या सप्टेंबरच्या अखेरीस, १९०८ च्या पुराच्या तिथीच्या आगेमागेच, वरच्या जलाशयांचे दरवाजे उघडावे लागले आणि इमलीबनच्या बसस्थानकात मुसी शिरली. नदी आपल्याच घरात आली होती.

अशा प्रसंगी पावसास दोष देण्याची रीत आहे, आणि तीत तथ्यांश नाही असे नाही. हवा जितकी उष्ण, तितकी बाष्प धरून ठेवण्याची तिची शक्ती अधिक. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले म्हणजे ही शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते, असा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासात सन १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे आढळले. तो अभ्यास सन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे पूर्वी पिढीतून एकदा येणारा पाऊस आता अधिक वेळा येण्याचा संभव आहे. पाणी वाढत असताना त्याची जागा घटत जावी, हा यांतील खरा धोका होय. पावसावर कोणाही नगरपालिकेची सत्ता चालत नाही, जागेवर चालते.

नेदरलँड्स या देशाचा अनुभव येथे बोधप्रद आहे. त्या देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीखाली असल्याने बांध घालून पाणी दूर ठेवण्यात डच लोकांएवढे निष्णात दुसरे कोणी नाही. सन १९९३ आणि १९९५ मध्ये त्यांच्या नद्यांस मोठे पूर आले. १९९५ मध्ये तर सुमारे अडीच लाख लोकांस घरे सोडून सुरक्षित जागी जावे लागले. बांध फुटले नाहीत. पण ते अधिकाधिक उंच करीत जाण्यात शहाणपण नाही, हे त्या राष्ट्राने ओळखले. त्यानंतर ‘नदीसाठी जागा’ या नावाची योजना आखून तीसहून अधिक ठिकाणी कामे करण्यात आली. नायमेखेन शहरासमोर वाल नदीचा बांध सुमारे ३५० मीटर मागे घेऊन तेथे पुराच्या पाण्यासाठी दुसरा प्रवाह खोदला गेला. ओव्हरडीप येथे काठची शेते पुराच्या वेळी नदीस मोकळी करून दिली. तेथील शेतकऱ्यांनी स्वतः पुढाकार घेऊन योजना सुचविली. काही कुटुंबे दुसरीकडे गेली आणि राहिलेल्यांची घरे आणि गोठे मातीच्या उंच टेकाडांवर नव्याने बांधण्यात आले. विश्वेश्वरय्यांनी सन १९०९ मध्ये हैदराबादेस जो विचार मांडला, त्याचीच ही दुसऱ्या भूमीतील आवृत्ती म्हणता येईल.

दोन्ही उदाहरणांत एक फरकही आहे, आणि तो झाकून ठेवणे योग्य नव्हे. हैदराबादेत तलावांवरील आणि नदीपात्रातील अतिक्रमणे हटविण्याचे काम सन २०२४ पासून नेटाने सुरू झाले. त्यासाठी स्वतंत्र यंत्रणाही स्थापन झाली. नदीस जागा द्यावयाची तर कोणास तरी उठावे लागणार, हे खरे. पण पात्रात राहणारा मनुष्य हा पुष्कळदा शहरात दुसरीकडे जागा न मिळाल्याने तेथे आलेला असतो. मोलमजुरीचे ठिकाण, मुलांची शाळा, उधार देणारा वाणी, हे सारे त्याच्या झोपडीपासून चालण्याच्या अंतरावर असते. दहा कोसांवर पक्के घर मिळाले, तरी ही सोय तेथे मिळत नाही. कर्ज काढून, रीतसर नोंदणी करून, शिकमावर बांधलेले घर विकत घेणारा मध्यमवर्गीय गृहस्थही नोंदणी करणाऱ्या कचेरीवर विसंबलेला असतो. पाण्याची जागा ज्यांनी विकली ते नामानिराळे राहिले आणि ज्यांनी विकत घेतली त्यांच्या भिंतींवर घण पडले, तर तो न्याय लोकांच्या गळी उतरणार नाही. आणि लोकांच्या गळी न उतरलेली योजना एका निवडणुकीच्या पलीकडे टिकत नाही. म्हणून कोठून कोठपर्यंत पाणी चढू शकते त्या रेषा आधी आखाव्यात, त्या गावच्या चावडीपासून शहराच्या कचेरीपर्यंत सर्वांस दिसतील अशा लावाव्यात, आणि उठविण्याआधी बसविण्याची सोय करावी, हा क्रम आवश्यक ठरतो.

सन १९०८ नंतरच्या पिढीकडे आजच्यासारखी साधने नव्हती. उपग्रहांची छायाचित्रे नव्हती, पावसाचे तासागणिक अंदाज नव्हते. तरी त्या पिढीने खोरे पायी हिंडून तलाव मोजले आणि हजारो मृतांच्या साक्षीने एक निर्णय घेतला, की शहराच्या वर काही जागा कायमची पाण्यासाठी राखून ठेवावयाची. ती जागा राखण्याचा खर्च नंतरच्या प्रत्येक पिढीने थोडा थोडा सोसावयाचा होता. जमिनीचा भाव जितका वाढतो तितका तो खर्च जड वाटू लागतो, आणि पूर येऊन जितकी वर्षे लोटतात तितका तो व्यर्थ वाटू लागतो. मुसीच्या खोऱ्यातील उरलेले तलाव, त्यांना जोडणारे नाले आणि ते दोन जलाशय यांचे पुढे काय करावयाचे, हे ठरविताना नकाशावरील कोरडी जमीन पाहून भागणार नाही. सन १९०८ च्या सप्टेंबरमध्ये पाणी कोठवर चढले होते, ती रेषा त्या नकाशावर आधी काढावी लागेल.